सनमायकावर रंग बसत नाही

"सनमायकावर रंग बसत नाही," बाबा म्हणाले आणि रंगाचा डबा त्यांनी जेवणाच्या टेबलावर माझ्यासमोर ठेवला. "पण तुझी हौस आहे, तर कर. तेवढाच वेळ जाईल."

डब्याबरोबर प्रायमर, टर्पेंटाइनची बाटली, ब्रश आणि पॉलिश पेपर असं सगळं पिशवीत नीट घालून आणलेलं होतं. मी आकाशी रंग सांगितला होता. डब्याच्या कडेला मात्र क्रीम रंगाचा ओघळ वाळलेला दिसत होता.

"आकाशी आणणार होतात ना?"

"आकाशी लवकर विटतो. क्रीम कसा, उठून दिसत नाही."

मी मान डोलावली. त्या घरात येऊन मला दोन वर्षं होत आली होती आणि मान डोलवायला मी चांगली शिकले होते.

ही गोष्ट वीसेक वर्षांपूर्वीची. साताऱ्यात गोडोलीला आमचा तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट होता. माझा नवरा प्रसन्न गुजरातेत दहेजला एका कारखान्यात होता, आणि तिथे क्वार्टर मिळेपर्यंत मी सासू-सासऱ्यांजवळ राहायचं असं ठरलं होतं. क्वार्टर काही मिळत नव्हतं. सासरे, म्हणजेच बाबा, श्रीरंग निकम, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. त्यांना कुणी नावं ठेवावीत असं त्यांच्यात काही नव्हतं. कधी आवाज चढवायचे नाहीत, ताटात पडेल ते खायचे. भाजी, दळण, औषधं, अगदी माझ्या आवडीचं मासिकसुद्धा स्वतः आणून द्यायचे. "काय हवं ते सांगत जा, मी आणतो," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. फक्त बाहेर पडताना ते जाळीच्या दाराला बाहेरून कुलूप लावायचे आणि किल्ली खिशात टाकायचे.

"समोरचा फ्लॅट कायम बंद. जिन्यावर कोण येतं, कोण जातं, कळत नाही," असं ते मला पहिल्याच आठवड्यात म्हणाले होते. तेव्हा मला ती काळजीच वाटली. मग हळूहळू उमगत गेलं. आम्ही दोघींनी बाहेर जायचं ते त्यांच्याबरोबरच, आणि ते नसताना घरात कुणी यायचं नाही. प्रसन्नला फोनवर सांगितलं तर तो म्हणाला, "अगं, सवय आहे बाबांची. आईने कधी तक्रार केलीय का?" माझी आई म्हणाली, "मारत नाहीत, उपाशी ठेवत नाहीत. कुलपाचं काय घेऊन बसलीस?" त्यानंतर मी कुणाला सांगेनाशीच झाले. सांगायला लागलं की माझं मलाच ते क्षुल्लक वाटायचं.

लग्नाआधी मी लॅब टेक्निशियनचा कोर्स केला होता. त्या चैत्रात पोवई नाक्याजवळच्या एका पॅथॉलॉजी लॅबची जाहिरात पेपरात आली. मी धीर करून बाबांना विचारलं. ते रागावले नाहीत. चष्मा काढून म्हणाले, "प्रसन्न आला की बघू." प्रसन्न दिवाळीशिवाय येणार नव्हता. मी बराच वेळ तिथेच उभी राहिले असणार, कारण थोड्या वेळाने तेच म्हणाले, "घरात काही करावंसं वाटत असेल तर सांग. मी नाही म्हणणार नाही."

"माझ्या खोलीतलं कपाट रंगवू?"

माझ्या तोंडून हे का आलं ते मला आजही नीट सांगता येणार नाही. ते कपाट भिंतभर होतं, जमिनीपासून पार छतापर्यंत. काळपट तपकिरी सनमायका, त्यावर लाकडाच्या खोट्या रेषा. खिडकीतून येणारा उजेड ते गिळून टाकायचं. दुपारी पलंगावर आडवं झालं की डोळ्यांपुढे तेवढंच.

तर असा तो डबा घरात आला.

मी कामाला लागले. सनमायका गुळगुळीत असतो, त्याची चकाकी मोडल्याशिवाय रंग धरत नाही, एवढं मला ठाऊक होतं. मी रोज दुपारी पॉलिश पेपर घेऊन एकेक दार घासायची. खांदे भरून यायचे, नखांत तपकिरी भुकटी जायची. ओल्या फडक्याने पुसून प्रायमर मारायची. एक दार सोडून बाकीची पांढरीफटक झाली, तेव्हा खोली अर्धवट उजळल्यासारखी दिसायला लागली. बाबा दारातून डोकावून म्हणाले, "छान. बघ, घरात किती काम असतं."

त्या रविवारी कराडला बाबांच्या पुतणीचा साखरपुडा होता. आम्हा दोघींनाही नेणार होते. सकाळी आई, म्हणजे माझ्या सासूबाई, म्हणाल्या, "माझे गुडघे धरलेत. एसटीत बसवणार नाही. हेमांगीला राहू दे माझ्याजवळ."

बाबांनी घड्याळ बघितलं. "बरं. दोघी आहात, तर काळजी नाही. संध्याकाळपर्यंत येतो."

ते कुलूप लावून दोनदा ओढून बघायचे. त्या दिवशीही तो खडखडाट झाला, मग चपलांचा आवाज जिन्यावरून खाली गेला.

मी उरलेलं दार घासायला बसले. थोड्या वेळाने आई आत आल्या आणि जमिनीवर माझ्याशेजारी बसल्या.

"दे इकडे एक तुकडा."

"आई, गुडघे दुखतायत ना तुमचे?"

"हात कुठे दुखतायत?"

शालन निकम असं त्यांचं नाव, पण त्या घरात ते नाव मी क्वचितच ऐकलं. त्या कमी बोलायच्या. मला कधी टोचून बोलल्या नाहीत, आणि कधी माझी बाजूही घेतली नाही. आम्ही घासत राहिलो. खर्रखर्र आवाजाखेरीज घरात काही नव्हतं.

"हे कपाट करायला सुतार आला होता ना," त्या एकदम म्हणाल्या, "तेव्हा तो घरात असेपर्यंत ह्यांनी रजा काढली होती. खुर्ची टाकून बसायचे तिथे, पंख्याखाली."

"सुतारावर लक्ष ठेवायला?"

त्यांनी कागदाची नवी घडी घातली.

मी हात थांबवून विचारलं, "आई, तुम्हाला कधी राग नाही आला?"

"कशाचा?"

"कुलपाचा."

त्या घासतच होत्या. मला वाटलं, ऐकलंच नाही. मग दाराकडे बघतच बोलू लागल्या. "प्रसन्न शाळेत जायला लागला होता तेव्हा. आम्ही करंज्याला भाड्याने राहायचो. एका दुपारी माझा भाऊ आला. वडलांचं जास्त झालंय, लगेच चल म्हणाला. हे ऑफिसच्या कामाला धरणावर गेलेले. मी जाळीच्या अलीकडे, तो पलीकडे. बराच वेळ उभा राहिला बिचारा. मग म्हणाला, मी पुढे होतो, दाजी आले की ये."

"मग?"

"हे संध्याकाळी आले. लगेच निघालो आम्ही. ह्यांनी जीप केली होती, तसं काही मागे ठेवलं नाही. पण पोचलो तेव्हा सगळे आमचीच वाट बघत होते, तिरडी उचलायला."

माझ्या हातातला कागद तसाच राहिला.

"आणि त्यानंतरही कुलूप?"

"थोडे दिवस नाही लावलं. मग परत लावायला लागले." त्यांनी फडकं पिळलं आणि दार वरपासून खालपर्यंत पुसलं. "चल, याला प्रायमर मार. मग बाकीच्यांवर रंग लाव. मला बघायचाय क्रीम रंग कसा दिसतो ते."

मी डबा उघडला, काठीने ढवळला, टर्पेंटाइन ओतून पातळ केला. डोक्यात जाईल असा वास सुटला. आईंनी उठून खिडकी लावून घेतली.

"राहू द्या ना उघडी, वास जाईल."

"बाहेर वारा सुटलाय. धूळ येऊन ओल्या रंगावर बसेल." त्यांनी पंखाही बंद केला.

बाहेर ऊन रणरणत होतं. बंद खोलीत थोड्याच वेळात घाम निथळायला लागला. डोळे चुरचुरत होते, पण दार रंगताना बघून मला बरं वाटत होतं. ब्रशचे फटकारे एकावर एक बसत होते. आई पलंगाच्या कडेला बसून बघत होत्या. मी दुसऱ्या दारावर होते तेव्हा त्या खोकल्या. मग परत खोकल्या, आणि तो खोकला थांबेचना.

मी वळून बघितलं. त्यांनी छाती धरली होती. तोंड उघडं, श्वास ओढताना घशातून शिट्टीसारखा आवाज.

"आई!"

"हवा..." त्या म्हणाल्या.

मी खिडकी उघडली, पंखा लावला, त्यांना धरून हॉलमध्ये आणलं, खुर्चीत बसवलं. पाणी दिलं तर ते त्यांच्या पदरावर सांडलं. घाईत मला त्यांची नाडी सापडेना. लाकडी दार उघडून मी जाळीशी गेले. बाहेर रिकामा जिना, समोर बंद फ्लॅट, आणि मध्ये ते पितळी कुलूप. मी जाळीतून बोटं घालून ते ओढलं. बाबा ओढून बघायचे तसंच ते मला घट्ट लागलं.

मग मी फोनकडे धावले. कराडच्या चुलत सासऱ्यांचा नंबर फिरवला. पलीकडे सनई वाजत होती. बाबांना फोनवर यायला वेळ लागला.

"बाबा, आईंना दम लागलाय. रंगाचा वास सहन झाला नाही. श्वास घेता येत नाहीये त्यांना."

"खिडक्या उघड. पाणी दे."

"दिलं. दवाखान्यात न्यायला हवं. मी खालच्या मुल्लाणी काकांना सांगून कुलूप तोडून घेऊ का?"

"नको." ते पटकन म्हणाले. मग आवाज खाली आणून, "लोकांना तमाशा नको. सगळी बिल्डिंग गोळा होईल. पंगत बसलीय इथे, तेवढी उरकली की मी निघतोच. तिला पडून राहायला सांग."

फोन ठेवला तेव्हा आई माझ्याकडेच बघत होत्या.

"काय... म्हणाले?"

"येतायत."

"काय म्हणाले, हेमांगी?"

"तमाशा नको, म्हणाले."

त्यांनी डोळे मिटले. हळूहळू त्या खुर्चीतून घसरल्या आणि फरशीवर कलंडल्या. शिट्टीचा आवाज थांबला. मला वाटलं, श्वासच थांबला.

मी गॅलरीत गेले. गॅलरीला खालून वरपर्यंत लोखंडी ग्रिल होतं. त्या ग्रिलपाशी मी दोन वर्षं कपडे वाळत घातले होते, पण तिथून कुणाला हाकसुद्धा मारली नव्हती. 'आईंना बरं नाही' असं ओरडायचं मनात होतं. ग्रिल दोन्ही हातांनी धरलं आणि तोंडातून भलतंच निघालं.

"आम्हाला बाहेर काढा! कुणीतरी आम्हाला बाहेर काढा!"

एकदा ओरडल्यावर मला थांबताच येईना. समोरच्या इमारतीत खिडक्या उघडल्या. खाली कुणीतरी धावलं. तरी मी ग्रिल हलवत ओरडतच होते. मागे जिन्यावर पावलं वाजली तेव्हा कुठे मी घरात आले.

तळमजल्यावरचे मुल्लाणी काका जाळीपलीकडे उभे होते. एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेला धिप्पाड माणूस. त्यांच्या मागे काकू, त्यांच्या मागे आणखी बरेच जण.

"आतून कडी काढ पोरी."

"आतून नाही लागलेलं."

त्यांनी खाली बघितलं. कुलूप हातात घेतलं. त्यांच्या मागचं बोलणं एकाएकी थांबलं.

"किल्ली?"

"बाबांकडे. ते कराडला आहेत."

काकांनी मागे वळून कुणाला तरी हातोडा आणि छिन्नी आणायला पाठवलं. घाव बसत होते तसा सगळा जिना दणाणत होता. कोयंडा निसटला, जाळी उघडली, आणि काकू सरळ आईंकडे धावल्या. दोघीतिघींनी मिळून त्यांना उचलून जिन्यात आणलं. जिन्यातल्या झरोक्यातून वारा येत होता. आईंनी डोळे उघडले.

"रिक्षा आणा," मी म्हणाले.

"दवाखाना नको," आई म्हणाल्या. आवाज बारीक, पण स्पष्ट होता. "मोकळ्यावर न्या मला. मोकळ्यावर बरं वाटेल."

आम्ही त्यांना खाली आणलं. आवारात कडुलिंबाखाली सिमेंटचा बाक होता, त्यावर त्या बसल्या. काकूंनी चहा आणला, तो त्यांनी घेतला. इमारतीतल्या बायका जमल्या. त्यातल्या कितीतरी जणींचं नावही मला माहीत नव्हतं. कुणी विचारलं, "रोजच कुलूप असतं?" आई म्हणाल्या, "हो." एवढंच. वर चला म्हटलं की त्या मान हलवायच्या. ऊन कलंडलं तरी त्या तिथेच बसून होत्या.

बाबा वाटलं होतं त्याहून लवकर आले. जीपमधून उतरले तेव्हा त्यांच्या सदऱ्याला घामाचे डाग होते. नंतर कळलं, पंगतीला ते बसलेच नव्हते. फोन ठेवून तसेच निघाले होते. ते धावत फाटकातून आत आले आणि जागीच थांबले. बाकावर आई, भोवती सगळी बिल्डिंग.

मुल्लाणी काकांनी पुढे होऊन तुटका कोयंडा आणि कुलूप त्यांच्या हातावर ठेवलं.

"निकम साहेब, वहिनी जात होत्या आज," एवढंच ते म्हणाले.

बाबांचा चेहरा मी तसा पुन्हा कधी पाहिला नाही. त्यांना मारलं असतं तर चाललं असतं, पण इतके डोळे चालणार नव्हते. ते आईंजवळ आले. "चल वर," हळूच म्हणाले.

आई सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "येते. पण आता बंद दारात माझा जीव घाबरा होतो. दाराला कुलूप नको."

बाबा इकडेतिकडे बघत म्हणाले, "नाही लावणार."

आणि त्यांनी पुन्हा कधीच लावलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी चपला घातल्या आणि एकटी जिना उतरले. कुणी हाक मारेल असं वाटत होतं. पोवई नाक्यावरच्या लॅबमधली जागा भरली होती. तरी मी दुपारपर्यंत रस्त्यांवरून उगाच फिरत राहिले. पुढे काही महिन्यांनी एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये लागले, ती आजतागायत तिथेच आहे. प्रसन्न दिवाळीला आला तेव्हा म्हणाला, "बाबांना फार लागलंय ते." मी म्हटलं, "लागू दे." दहेजला मी गेलेच नाही. काही वर्षांनी तोच शिरवळला नोकरी बघून परत आला.

कपाट मी पुरं केलं, पण आईंना शेजारी पाठवून. वर्षभरात कडांचे पापुद्रे निघायला लागले. तेवढं बाबांचं खरं ठरलं.

मला मात्र एक गोष्ट सुटली नाही. मी हट्टाने कपाट रंगवायला काढलं नसतं, खिडकी उघडी ठेवायला लावली असती, तर आई मरणाच्या दारात गेल्या नसत्या, हे डोक्यात पक्कं बसलं. घराला रंग द्यायचा झाला की मी त्यांना माझ्या नणंदेकडे धाडायची. घरात उदबत्ती नाही, डासांची कॉइल नाही. बाबाही तसेच. फोडणीचा ठसका उठला तरी ते उठून खिडकी उघडायचे.

गेल्या वर्षी आईंचं पित्ताशयाचं ऑपरेशन ठरलं, माझ्याच हॉस्पिटलात. ऑपरेशनच्या सकाळी भूल देणाऱ्या डॉक्टर मॅडम तपासायला आल्या. रक्तदाब, साखर, सगळं विचारून झालं.

"दमा? श्वासाचा काही त्रास?"

"हो," मी म्हणाले. "पूर्वी एकदा रंगाच्या वासाने जबरदस्त अटॅक आला होता. बेशुद्धच पडल्या होत्या."

"लिहू नका हो ते," आई पलंगावरून म्हणाल्या.

"आई, डॉक्टरांना सगळं सांगावं लागतं."

"म्हणूनच म्हणते. मला दमा नाही, कधीच नव्हता. उगाच चुकीचं औषध द्यायच्या."

डॉक्टर मॅडमनी त्यांची छाती पुन्हा तपासली. "छाती स्वच्छ आहे आजी," म्हणाल्या आणि हसून पुढच्या पेशंटकडे गेल्या.

मी आईंकडे बघत राहिले.

"म्हणजे त्या दिवशी..."

"काही झालं नव्हतं मला. खोकला तेवढा खरा होता."

मी पलंगाच्या कडेला बसले. "आई, वीस वर्षं मी..."

"माहीत आहे."

"आणि मी ओरडलेच नसते तर?"

त्यांनी थोडा विचार केला. "तर उठून चहा टाकला असता."

"तुम्हीच का नाही ओरडलात मग?"

त्या छताकडे बघत होत्या. "भाऊ आला होता ना, वडलांचं सांगायला. तो जाळीपलीकडे मोठमोठ्याने रडायला लागला. आणि मी त्याला काय म्हणाले माहितीये? हळू, लोक ऐकतील." त्यांनी अंगावरची चादर सारखी केली. "माझ्याने व्हायचं नव्हतं ते. आणि स्वतःसाठी तूही ओरडली नसतीस. रंगाचा डबा घेऊन गप्प बसलीस तेव्हाच मला कळलं, ही पण माझ्यासारखीच होणार. पण दुसऱ्यासाठी ओरडशील असं वाटलं."

"इतक्या वर्षांत एकदा तरी सांगायचं."

"तुला खोटं बोलता येत नाही, हेमांगी. ह्यांनी एकदा जरी नीट विचारलं असतं तरी तुझ्या तोंडावर दिसलं असतं."

मला राग आला होता आणि रडूही येत होतं. त्यांचा हात धरावा की सोडावा, कळेना. तेवढ्यात वॉर्डबॉय स्ट्रेचर घेऊन आले. जाताना त्या म्हणाल्या, "ह्यांना जेवायला घालायला सांग प्रसन्नला. मी नसले की जेवत नाहीत."

ऑपरेशन थिएटरचं दार बंद झालं. मी बाहेरच्या बाकावर बसले असतानाच फोन वाजला. बाबा होते. आता ऐंशीच्या पुढचे, फोन कानाला नीट लावता येत नाही, म्हणून ओरडून बोलतात.

"नेलं का तिला आत?"

"आत्ताच नेलं."

"हेमांगी, डॉक्टरांना दम्याचं सांगितलंस ना? त्या वेळी काय झालं होतं ते सगळं? भूल देताना जपायला हवं तिला." त्यांचा आवाज चिरकला. "मी लवकर यायला हवं होतं त्या दिवशी."

मी समोरच्या बंद दाराकडे बघितलं.

"सांगितलं बाबा," मी म्हणाले. "लिहून घेतलंय त्यांनी."